अकरा वाजता शाळेतून फोन आला तर? कोल्हापूरहून पुण्यात आलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

बदली होऊन किंवा नोकरी बदलून पुण्यात येणाऱ्या कुटुंबांना घर आणि शाळा शोधायला मदत करणं हे माझं काम. त्यातलंच हे एक प्रकरण. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. निर्णयात माझाही हात होता, त्यामुळे चुकांमध्येही आहे. त्या जागा झाकलेल्या नाहीत.

पार्श्वभूमी

संग्राम आणि ऋतुजा, दोघंही कोल्हापूरचे. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा अडीचचा. संग्राम सॉफ्टवेअरमध्ये. कोविडपासून घरूनच काम करत होता, पण एप्रिल 2025 पासून आठवड्यातले तीन दिवस, मंगळवार ते गुरुवार, हिंजवडीच्या ऑफिसात बसायचं असं कंपनीने कळवलं. ऋतुजा राष्ट्रीयीकृत बँकेत. तिने पुण्याला बदली मागितली आणि ती मिळालीही, पण शाखा आली डेक्कनची. ज्यांना पुणं ठाऊक आहे त्यांना इथेच अडचण कळली असेल. हिंजवडी शहराच्या एका टोकाला आणि डेक्कन भर पोटात.

कोल्हापुरात त्यांचं सगळं दहा मिनिटांत होतं. शाळा, बँक, आजी, डॉक्टर. वस्ती ‘निवडायची’ असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं, कारण ते राहत होते ती आजोबांनी निवडलेली होती. पुण्यात सुरुवातीचे काही महिने संग्रामची आई सोबत राहणार होती. त्यांचे गुडघे दुखतात हे पहिल्याच भेटीत माझ्या कानावर आलं होतं. वहीतही लिहिलं होतं. ते पुढे येईलच.

अडचण

वरवर पाहता प्रश्न साधा होता: घर कुठे घ्यायचं? मुलीला जूनमध्ये पहिलीत घालायचं होतं. राज्यात पहिलीसाठी 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात, ती अट ती पुरी करत होती. पण आम्ही भेटलो फेब्रुवारीच्या अखेरीस, आणि पुण्यातल्या नावाजलेल्या खाजगी शाळांचे प्रवेश तोवर बहुतेक आटोपलेले असतात. म्हणजे ‘आधी शाळा, मग घर’ हा शहाण्यांचा क्रम पाळायला वेळच उरला नव्हता. धाकट्यासाठी पाळणाघर हवं होतं. आणि आईंना देऊळ आणि भाजीवाला चालत जाण्याच्या अंतरावर पाहिजेत, हे त्यांनी मला दोनदा बजावलं होतं.

संग्रामने एक्सेलचा तक्ता करून आणला होता. भाडं, अंतर, बाग, जिम, तरणतलाव, शाळांचं रेटिंग, सगळ्याला गुण. बेरजेत वाकड पहिलं आलं होतं. मी तक्ता पाहिला आणि विचारलं, “यात बुधवार कुठे आहे?” त्याला ते समजलं नाही. माझंही सांगणं तेव्हा नीट नव्हतं.

पर्याय

चार जागा पाहिल्या.

वाकड. मोठी सोसायटी, आत बाग, गेटवर सुरक्षारक्षक, दोन बेडरूमच्या फ्लॅटचं भाडं 33 हजार. पहिल्यांदा रविवारी सकाळी गेलो. रस्ता मोकळा, हिंजवडीपर्यंत गाडीने पंधरा मिनिटं. संग्राम खूश. मी त्याला मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला हिंजवडी फेज एकपासून एकट्याने यायला सांगितलं. जेमतेम पाच किलोमीटरला 45 मिनिटं लागली. आला तेव्हा त्याने गाडीतून उतरून आधी पाणी मागितलं. ऋतुजाला इथून डेक्कन गाठायला रोज तास-सव्वा तास लागला असता, तोही एका बाजूचा. एजंटाने बांधकाम चालू असलेल्या हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोचा हवाला दिला. माझा नियम असा की ज्या गाडीत आज बसता येत नाही ती हिशेबात धरायची नाही.

याच सोसायटीत एक गोष्ट पाहिली ती सांगते, कारण घर बघणारे सहसा तिथे थांबत नाहीत. गेटवरच्या टेबलावर दोन वह्या असतात. एक पाहुण्यांची, दुसरी टँकरची. सही करता करता दुसरी वही उघडली. आदल्या दिवशी नऊ टँकर. त्याच्या आदल्या दिवशी आठ. मार्चचा पहिला आठवडा होता, उन्हाळा अजून लागायचा होता. एजंट म्हणाला होता, “पाण्याचं काही टेन्शन नाही मॅडम.” पाणी होतं खरंच, फक्त ते ट्रकमधून येत होतं आणि त्याचा खर्च मेंटेनन्सवर चढत होता.

बाणेर–बालेवाडी. दोघांच्या मधोमध म्हणून सुचवलेलं. भाडं 38 हजारांच्या पुढे. मधोमध म्हणजे सोयीचं असं वाटतं; प्रत्यक्षात कुणालाच जवळ नव्हतं. हा पर्याय एका दुपारीत संपला.

धायरी. इथे संग्रामची सख्खी आत्या राहते. भाडं 19 हजार, आत्या दोन्ही मुलांना सांभाळायला तयार. कागदावर याच्याइतका चांगला पर्याय नव्हता. पण हे 2025 सालचे महिने होते. जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत गुलियन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले होते. संशयित रुग्णांचा आकडा पुढे 200 च्या वर गेला आणि बोट दूषित पाण्याकडे दाखवलं गेलं. धायरी महापालिकेत आली 2017 मध्ये. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला 2021 मध्ये. हद्द एका आदेशाने बदलते, जलवाहिनी आणि शुद्धीकरण मागून रखडत येतात. अडीच वर्षांच्या मुलासाठी हा धोका पत्करायची ऋतुजाची तयारी नव्हती. आत्या रागावली. “आम्ही काय मेलो का इथं राहून?” असं तिने विचारलं, आणि त्याला उत्तर नव्हतं. आत्याच्या घरी पाणी उकळून पितात, फिल्टर आहे, ती तिथे वीस वर्षं धडधाकट आहे. तरी भीतीला आकड्यांनी समजावता येत नाही, आणि इथे तर आकडेही भीतीच्याच बाजूचे होते.

कोथरूड, पौड रस्त्याच्या आतला भाग. आयडियल कॉलनी मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. जुनी, चौदा फ्लॅटची इमारत, दुसरा मजला, भाडं 31 हजार. बाग नाही, तरणतलाव नाही, गेटवर वही नाही, कारण गेटवर माणूसच नाही. ऋतुजाची शाखा मेट्रोने चार स्टेशनं: आयडियल कॉलनीहून बसलं की नळ स्टॉप, गरवारे, आणि डेक्कन. (चार म्हणाले, मोजली तर तीन. ती मात्र अजून चारच म्हणते.) संग्रामला कंपनीची बस चांदणी चौकातून.

निर्णय कुठे वळला

तक्ता बाजूला ठेवून आम्ही एक बुधवार कागदावर काढला. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत. प्रत्येक तासाला घरातलं प्रत्येक माणूस कुठे असेल ते लिहायचं. मग त्यावर एकच प्रश्न टाकायचा: अकरा वाजता शाळेतून फोन आला, ‘मुलीला ताप आहे, घेऊन जा’, तर कोण निघेल आणि किती मिनिटांत पोचेल?

संग्राम लगेच म्हणाला, “ऋतुजा जाईल. तिची बँक जवळ आहे ना.”

ऋतुजा गप्प बसली. मग म्हणाली, “माझ्याकडे तिजोरीची एक किल्ली असते. कॅश चालू असताना मी उठून जाऊ शकत नाही. चार्ज द्यावा लागतो, रजिस्टरला सही करावी लागते. तुझ्या मीटिंगमधून तू उठू शकतोस.”

लग्नाला आठ वर्षं झालेल्या या नवऱ्याला बायकोच्या कामाची ही बाजू त्या दिवशी कळली. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. आई जाईल हे घराघरात गृहीतच धरलेलं असतं, आणि आपण वस्ती त्या गृहीतावर बेतत असतो. इथे ते गृहीत सपशेल खोटं निघालं. हिंजवडीतला बाप पोचायला तास घेणार, डेक्कनवरची आई उठू शकणार नाही. म्हणजे दोघांपैकी कुणाच्या ऑफिसजवळ घर घ्यायचं, हा प्रश्नच चुकीचा होता. जिथे तिसरं माणूस मिळेल तिथे घर घ्यायचं.

आत्या हे तिसरं माणूस होतंच, पण पाण्यापाशी अडलं. कोथरूडच्या त्या इमारतीच्या तळमजल्यावर मात्र एक काकू पाळणाघर चालवत होत्या. सात मुलं, मदतीला एक मावशी, दारातच छोट्या चपलांची रांग. आम्ही दुपारी तीनला न कळवता गेलो. मुलं झोपली होती. एक उठून बसलं होतं, काकू त्याला मांडीवर घेऊन फोनवर भाजीवाल्याशी वांग्यांवरून भांडत होत्या. ऋतुजाने तिथेच ठरवलं.

संग्रामच्या आईंचा प्रश्न वेगळा होता, आणि तो माझ्या यादीत कधीच नसायचा. घर पाहायला आल्या तेव्हा जिन्याशी थांबून विचारलं, “हितं पाणी कुठवर आलं हुतं?” ज्या माणसांना पंचगंगेची 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 ची धोका पातळी पाठ असते, ज्यांच्या घरात 2019 च्या ऑगस्टमध्ये कमरेएवढं पाणी होतं, त्यांना घर बघताना पहिली शंका हीच येणार. पुणेकर हसतात. पण 25 जुलै 2024 ला खडकवासला धरणातून 35 हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना बोटीने काढावं लागलं. तेव्हापासून मी प्रत्येक घराला निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे नकाशावर आखलेली नदीच्या पुराची हद्द, तपासायला लागले. या इमारतीचा नदीशी संबंध नव्हता. आईंना तेवढं पुरलं.

काय केलं

मार्चच्या अखेरीस टोकन दिलं. अकरा महिन्यांचा करार 1 मेपासून, अनामत एक लाख, एजंटाला एका महिन्याचं भाडं. करार नोंदवून घेतला. महाराष्ट्रात तो नोंदवणं कायद्यानेच बंधनकारक आहे आणि जबाबदारी घरमालकाची. तरी “नोटरीवर करू, कशाला खर्च” म्हणणारे मालक अजून भेटतात. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला, दहा मिनिटांत झालं. एक कलम आम्ही आग्रहाने बदलून घेतलं: सहा महिन्यांच्या ‘लॉक-इन’ऐवजी (ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही ती) तीन महिने. नव्या शहरात मुलांसकट येणाऱ्याने पहिल्या घरात फार अडकू नये, असं माझं मत आहे.

शाळेसाठी सहाशे मीटरवरची एक सेमी-इंग्रजी शाळा धरली होती. तिथल्या ऑफिसने “जागा होतात, एप्रिलमध्ये येऊन भेटा” असं सांगितलं. आम्ही तिघांनीही ते होकारासारखं ऐकलं.

काय झालं

वीस दिवसांनी यादी लागली. मुलगी प्रतीक्षायादीत चौथी. जागा झाल्या दोन.

तोवर टोकन गेलं होतं, कोल्हापूरच्या घरातलं सामान बांधायला घेतलं होतं. शेवटी प्रवेश मिळाला तो कर्वेनगरच्या एका शाळेत, घरापासून अडीच-तीन किलोमीटरवर. शाळा चांगली आहे. पण घर निवडण्याचं एक मोठं कारण, चालत जायची शाळा, शाळा सुरू होण्याआधीच गळून पडलं. व्हॅनवाले काका शोधले. पालकांची घाई असते म्हणून सांगते, आम्ही व्हॅनचा परवाना पाहिला, आत किती मुलं बसतात ते सकाळी रस्त्यावर उभं राहून मोजलं, आणि पहिल्या काकांना नाही म्हटलं.

पाऊस त्या वर्षी लवकर आला, मेच्या शेवटच्या आठवड्यातच. जूनच्या सुरुवातीला हिंजवडीच्या रस्त्यांवर पाणी साचल्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरत होते. संग्रामने मला तो व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलं: ‘बस यातच आहे.’ त्याचा जायचा प्रवास साधारण पन्नास मिनिटांचा झाला, परतीचा सव्वा ते दीड तासाचा. 2022 मध्ये चांदणी चौकातला जुना पूल पाडून पुढच्या ऑगस्टमध्ये नवा खुला झाल्यापासून ती गाठ सुटली आहे, पण कोंडी पुढे भूमकर चौकात जाऊन बसली आहे. आठवड्यातले तीन दिवस म्हणून तो हे सोसतो. पाच झाले तर सोसणार नाही, असं त्याने घरात सांगून ठेवलं आहे.

जिना. दुसरा मजला, लिफ्ट नाही. माझ्या वहीत ‘गुडघे’ हा शब्द होता, आणि तरी मी ते घर दाखवलं, कारण पाळणाघराने माझे डोळे दिपले होते. आई दिवसातून एकदाच उतरायच्या, देवळात जायच्या, भाजी घेऊन यायच्या आणि पहिल्या मजल्यावरच्या कट्ट्यावर बसायच्या. तिथल्या आजींशी त्यांची मैत्री झाली, हे खरं. पण डिसेंबरपर्यंत राहायचं ठरवून आलेल्या आई गणपतीसाठी आधीच कोल्हापूरला गेल्या त्या परतल्या नाहीत. विचारलं तर “घरची ओढ लागली” म्हणाल्या. जिन्याचं नाव काढलं नाही.

आणि फोन आला. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, अकरा वाजून आठ मिनिटांनी. पाऊस लागून होता. मुलीला ताप, उलटी. संग्राम हिंजवडीत, फोन सायलेंटवर. ऋतुजाने उचलला, काकूंना कळवलं. काकूंचे यजमान निवृत्त आहेत. ते रेनकोट चढवून स्कूटरवर निघाले आणि साडेअकराला शाळेच्या दारात हजर होते. आम्ही कागदावर काढलेला बुधवार एक दिवस आधी, पण हुबेहूब उतरला होता.

शाळेने मुलगी त्यांच्या ताब्यात दिली नाही.

मुलांना न्यायला येणाऱ्यांचं एक कार्ड असतं. त्यावर फोटो आणि सही लागते. जूनमध्ये ते भरलं तेव्हा आई, बाबा आणि आजी अशी तीन नावं घातली होती. आजी तेव्हा कोल्हापुरात. काका कार्डावर नव्हते, काकूही नव्हत्या. ऋतुजा फोनवर विनवत होती, शाळा लेखी मागत होती. शाळेचं चुकलं असं मी म्हणणार नाही. उलट ओळख न पटता मूल हातात देणाऱ्या शाळेत मी कुणालाच पाठवणार नाही. ऋतुजाने सहकाऱ्याला चार्ज दिला, रजिस्टरवर सही केली, रिक्षा मिळायला पंधरा मिनिटं गेली. ती पोचली तेव्हा सव्वाबारा झाले होते. काका तोवर गेटबाहेरच थांबले होते. मुलगी आतल्या बाकावरून त्यांच्याकडे बघत होती.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी कळली. ताप असलेलं मूल काकू पाळणाघरात घेत नाहीत. बाकीच्या मुलांसाठी तो नियम बरोबरच आहे. मुलीला त्यांनी स्वतःच्या आतल्या खोलीत झोपवलं, ती मेहेरबानी होती. ज्या एका कारणासाठी आम्ही ती इमारत निवडली, त्याबद्दलचा पहिला प्रश्न आम्ही काकूंना विचारलाच नव्हता.

पुन्हा करायचं झालं तर

टोकन देण्याआधी शाळेचा होकार लेखी घेईन. तो मिळत नसेल तर एक शाळा हेरून तिच्याभोवती घर शोधण्याऐवजी दोन-तीन शाळांना सारखाच सोयीचा पडेल असा पट्टा धरेन. फेब्रुवारीत आलेल्या कुटुंबाला तर हे आधी सांगेन.

घर दाखवताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी जिना चढायला लावेन. काही महिन्यांसाठीच येणार आहेत, असं म्हणून सोडून देणार नाही. तिसरं माणूस म्हणजे त्याच होत्या, आणि त्यांना आम्ही जिन्यावर गमावलं.

धायरीबद्दल मात्र अजून माझं ठरत नाही. जानेवारीची बातमी ताजी नसती तर आम्ही आत्याकडे गेलो असतो का? बहुधा गेलो असतो. पाणी उकळून प्यायलं असतं, भाड्याचे महिना बारा हजार वाचले असते, शाळेच्या कार्डावर आत्याचं नाव पहिल्या दिवसापासून असतं. दुसऱ्या बाजूला, ऋतुजाला रोज सिंहगड रस्त्याने डेक्कन गाठावं लागलं असतं, आणि मुलाच्या प्रत्येक पोटदुखीला तिला जानेवारी आठवला असता. ज्या घरात झोप लागत नाही ते घर स्वस्त नसतं, असं ती म्हणाली होती. तिच्या जागी मी असते तरी बहुधा हेच म्हटलं असतं. पण आत्या अजून फोनवर बोलत नाही, आणि ही किंमत संग्रामच्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नव्हती.

बुधवारचा कागद मी आता सगळ्यांकडून करून घेते. फक्त त्याला खाली एक ओळ जोडली आहे: हे माणूस शाळेच्या कार्डावर आहे का?

सध्या

करार मार्च 2026 ला संपणार होता, म्हणून डिसेंबरातच विषय निघाला. दरम्यान सहाशे मीटरवरच्या शाळेने कळवलं होतं की दुसरीत एक जागा होईल. संग्रामला ती घ्यायची होती. मुलीने साफ नकार दिला; व्हॅनमध्ये तिची खिडकी ठरलेली आहे आणि तिच्या शेजारी कोण बसतं हेही ठरलेलं आहे. मग ऋतुजाने उलटा विचार मांडला: शाळा तीच ठेवू, घर कर्वेनगरला नेऊ, लिफ्टची इमारत बघू, आईंना परत बोलावू.

मी दोन घरं दाखवली. दोन्हींना लिफ्ट आहे, दुसऱ्यापासून शाळा चालत सहा मिनिटं. संग्रामने दोन्ही ठिकाणी गेटवर जाऊन टँकरची वही मागितली. ऋतुजा घरात शिरलीच नाही, खाली उभी राहून आसपास पाळणाघर कुठे आहे ते विचारत होती. एक सापडलं. धाकटा तिथे दारातूनच रडत परत फिरला.

तळमजल्यावरच्या काकू कर्वेनगरला यायच्या नाहीत.